चौरंगावरचा चष्मा

“झाकणं काढ आधी. फोटोत बॅटरी दिसायला हवी, प्लास्टिक नको,” रुईकरसाहेब म्हणाले.

ते बॅटरीच्या खोलीच्या दारात उभे होते. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पेढा. पेढ्याचं तूप बोटांवरून मनगटाकडं उतरत होतं आणि बोलता बोलता ते तेवढं चाटून घेत होते.

“अप्पांनी मघाशीच लावलीत, साहेब,” मी म्हणाले. “ते वर गच्चीवर गेलेत, सोलर पुसायला. येऊ द्या त्यांना.”

“इथले व्यवस्थापक अप्पा आहेत का?”

“नाही साहेब.”

“मग काढ. आणि वैजयंता, तुझा कागद आज टेबलावर घेतलाय. उद्या दसरा. मुहूर्त चांगला आहे.”

कागद म्हणजे मला कायम करण्याची शिफारस. आयटीआय झाल्यापासून तीन वर्षं मी शिरगापूरच्या दूध शीतकरण केंद्रात अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर होते. कागदावर रुईकरांची सही झाली तर मी कायम, नाही तर महिनाअखेरीला घरी. घर म्हणजे चुलत्याची पडवी. तिथं आई आणि मी चूल मांडून राहत होतो आणि पडवी कधी मोकळी होते याची चुलती वाट बघत होती.

मी झाकणं काढली. चोवीस बॅटऱ्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांवर एकेक, म्हणजे अठ्ठेचाळीस झाकणं. लोखंडी मांडणीवर दोन थरांत त्या उभ्या होत्या, प्रत्येक गुडघ्याइतकी उंच, एकीची वरची कडी दुसरीला जोडलेली. वीज गेली की दूध ढवळायची मोटर, फॅटचं यंत्र, काटा आणि संगणक त्यांच्यावर चालायचा. आमच्याकडं वीज दिवसातून सहा-सात तास जायचीच.

शिवलिंग अप्पा कोठुळे हे या खोलीचे मेकॅनिक. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. मी आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला हातातल्या बांगड्या काढायला लावल्या होत्या आणि दारामागच्या तीन खुंट्या दाखवल्या होत्या. पहिलीवर चष्मा, दुसरीवर रबरी हातमोजे, तिसरीवर मुठीपासून तोंडापर्यंत लाल रबर चढवलेला एकोणीस नंबरचा पाना.

“बॅटरीला बटण नसतंय, वैजे,” ते म्हणाले होते. “आपण मेन पाडला, बल्ब विझला, मोटर थांबली. माणसाला वाटतंय, बंद झालं. हिला काय बी झालेलं नसतंय. ही जागीच असतीय. म्हणून आधी लोड काढायचा, मग सोलर पाडायचं, मग मेन. मग काळी तार सोडायची, मग लाल. जोडताना उलटं. आणि ह्या तिन्ही खुंट्या रिकाम्या झाल्याबिगर पुढं हात न्यायचा न्हाई.”

अप्पांच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग होतं, ते कधीच अंगावेगळं करायचं नसतं. त्यांनी त्याची चांदीची डबी सोडून ते कापडात बांधलं होतं आणि दोरा बनियनच्या आत खोचून घेतला होता. “देव बी ऐकतोय नियम,” म्हणायचे.

शनिवारी बॅटऱ्यांच्या कड्या घासायचं काम माझं. टोकांवर पांढरा-हिरवा खार धरायचा. सोड्याच्या पाण्यात जुना दातांचा ब्रश बुडवून मी घासायची आणि अप्पा येऊन डोळे बारीक करून बघायचे. प्रत्येक वेळी एकच वाक्य. “कडेचं राहिलंय.” आणि ते राहिलेलं असायचं.

खंडेनवमीची त्यांची पूजा ठरलेली होती. सकाळी चार्जिंग बंद, खिडक्या उघड्या, पंखा चालू, सगळी झाकणं घट्ट. मांडणीच्या पायावर कुंकवाचं एक बोट, खाली फरशीवर एक फूल. निरांजन खोलीच्या बाहेर. बॅटरी चार्ज होताना वायू सोडते, त्याला ज्योत चालत नाही. पूजा दोन मिनिटांत संपायची. रुईकर नवे आले होते, आणि दोन मिनिटांत संपणाऱ्या पूजेचा फोटो येत नाही.

म्हणून त्यांनी दाराबाहेरच्या मोकळ्या जागेत चौरंग मांडला होता. केंद्रातलं हत्यार न् हत्यार त्यावर आलं होतं. पकडी, स्क्रूड्रायव्हर, मीटर, दूध तपासायच्या काचेच्या नळ्यासुद्धा. मधोमध लाल पाना उभा केला होता. त्याच्या एका बाजूला हातमोजे जोडून, नमस्कार केल्यासारखे. दुसऱ्या बाजूला चष्मा, आणि त्याच्या दोन्ही काचांवर ओल्या कुंकवाची दोन बोटं. कुंकू ओघळून रबरापर्यंत आलं होतं. कुणाचे तरी डोळे फुटावेत तसं ते दिसत होतं. हे मला आज सुचलेलं नाही, तेव्हाच वाटलं होतं.

“हिरवे दिवे का नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“चार्जिंग बंद केलंय, साहेब.”

“चालू कर. बंद यंत्राची पूजा करतात का?”

मी चार्जिंग चालू केलं. हिरवे दिवे लागले.

तेवढ्यात केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर बब्रुवान हार घेऊन आला. ट्रकच्या तोंडावर बांधतात तसला हार, झेंडूचा, मनगटाएवढा जाड, पाण्यानं निथळणारा. असे हार आमच्याकडं सुतळीत ओवत नाहीत, रस्त्यात तुटतात म्हणून लोखंडी तारेत ओवतात.

“कुठं बांधू, साहेब?”

“वरच्या ओळीला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

बब्रुवाननं हाराचं एक टोक खिडकीशेजारच्या पहिल्या बॅटरीच्या बोल्टला चार पीळ मारून बांधलं. दुसरं टोक मांडणीच्या खांबाला. मधे हार हवेत झोळीसारखा लोंबत होता, बॅटऱ्यांपासून चार बोटं वर.

मी बघत होते. तार आहे हे मला माहीत होतं. मी म्हणाले, “बब्रुवानभाऊ, तार खाली टेकू देऊ नका हां.”

“टेकत न्हाई. ट्रकला बांधून बांधून हात बसलाय माझा.”

साहेबांनी फोटो काढले. मुख्य कार्यालयाच्या ग्रुपवर टाकले. दोन मिनिटांत उत्तरं यायला लागली, ती त्यांनी आम्हाला दाखवली. अकरा जणांनी हात जोडले होते. त्यांतले चार इंजिनिअर.

मग आरती झाली आणि सगळे पेढे खायला कार्यालयात गेले. हार ओला होता, जड होता, मधून हळूहळू उतरत होता. ते बघायला खोलीत कुणी नव्हतं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मला वास आला. झेंडू करपल्याचा. भाजीत फूल पडून जळावं तसला कडू, गोडसर, घशाला चिकटणारा वास, आणि त्याच्या खाली नासक्या अंड्याचा. मी धावले. अप्पा माझ्याआधी पोचले होते. गच्चीवरून उतरताना त्यांना खिडकीतून धूर दिसला होता.

हाराची तार सहाव्या बॅटरीच्या कडीला टेकून तिथंच डसली होती. पहिलीपासून सहावीपर्यंत तार तापली होती. तिच्याभोवतीची फुलं काळी पडून गळत होती आणि तिथून खाली, बॅटऱ्यांच्या मधल्या फटीत, तार आणखी सरकत होती.

अप्पांनी लोड पाडला. सोलर पाडलं. मेन पाडला. हिरवे दिवे गेले. तार तशीच तापलेली. कोपऱ्यातली वेळूची काठी घेऊन त्यांनी तार खालून उचलून धरली, सातवीला टेकू नये म्हणून. काठीच्या टोकाला धूर यायला लागला.

“झाकणं कुठायत?” त्यांनी विचारलं.

“मी काढली.”

“चार्जिंग?”

“मीच चालू केलं होतं.”

ते माझ्याकडं वळले नाहीत. “ओलं बारदान टाक वायूच्या बुचांवर. हां. पंखा वाढव. आता ऐक. ठिणगी उडणारच हाय, पण ती कुठं उडवायची ते आपण ठरवायचं. पहिलीचा बोल्ट सोडायचा, खिडकीजवळ, वाऱ्यात. मला हालता येत न्हाई. पाना आण, मोजे आण, चष्मा आण. पळ.”

मी पळाले. पंधरा पावलं असतील.

चौरंगापुढं रुईकर उभे होते, हात पुसत. त्यांना धुराचं कळलं होतं, पण खोलीत ते गेले नव्हते.

“पाना पाहिजे, साहेब. आणि चष्मा.”

“हे नाही हलवायचं.”

“साहेब, आत तार पेटलीय.”

“वैजयंता, पूजा मांडलीय. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हत्याराला हात लावत नाहीत, एवढं तुझ्या आईनं शिकवलं नाही का? वर फोटो गेलाय. मोठे साहेब एक वाजता दर्शनाला येतायत. मी त्यांना मोडलेला चौरंग दाखवू?” मग ते जीपकडं वळून ओरडले, “बब्रुवान, जीपमधला पाना दे हिला.”

जीप सकाळपासून हाराला आणि पेढ्यांना फिरत होती म्हणून तिची हत्यारं तेवढी पूजेत नव्हती. बब्रुवाननं सीटखालून एकोणीस नंबरचा पाना काढून दिला. लांब, जुना, नागडा लोखंडी.

“ह्याला रबर नाही,” मी म्हणाले.

“पाना पानाच असतो,” साहेब म्हणाले. “जा. वेळ घालवू नकोस.”

चौरंग माझ्यापासून दोन हातांवर होता. लाल पाना उचलायला मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. रुईकर आडवे उभे नव्हते. मी त्यांच्याकडं पाहिलं, ते माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या दातात पेढ्याचा पिवळा कण अडकला होता. तो मला आजही दिसतो. मी जीपचा पाना घेतला आणि वळले.

अप्पांनी डावा हात काठीवर ठेवून उजवा मागं केला. मी त्यात पाना ठेवला. पाना हातात पडताच त्यांची बोटं क्षणभर थांबली.

“चष्मा?”

“पूजेत हाय.”

“मोजे?”

“ते बी.”

काठीचं टोक आता लाल झालं होतं. सातवीची कडी तारेपासून एक बोट राहिली होती. अप्पांनी धोतराचा सोगा पान्याच्या मुठीला दोनदा गुंडाळला. “मागं सर,” म्हणाले. “दाराबाहेर हो.”

मी दारापर्यंत सरले. त्यांनी मान शक्य तेवढी खिडकीकडं वळवली आणि बोल्टला पाना लावला. पहिला आटा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला पाना घसरला आणि त्याचं मागचं टोक शेजारच्या कडीवर पडलं.

आवाज फार मोठा नव्हता. नारळ फुटावा तेवढा. पांढरा उजेड झाला, आणि पहिल्या बॅटरीचं वरचं कवच फुटून छताला लागून खाली आलं.

अप्पा उभेच होते. पाना त्यांनी सोडला होता, त्याच्या टोकाचा घास गेला होता. तार तुटून पडली होती. काम झालं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी गळत होतं, आणि ते पाणी नव्हतं, बॅटरीतलं अॅसिड होतं.

“पाणी,” ते म्हणाले. “डोळा धर उघडा. सोडा डोळ्यात न्हाई, नुसतं पाणी.”

मी त्यांना हौदाशी बसवलं आणि उजवी पापणी दोन बोटांनी धरून तांब्यामागून तांब्या ओतला. पंधरा मिनिटं ओतायचं असतं, त्यांनीच शिकवलं होतं. ते मिनिटं मोजत होते. सातव्या मिनिटाला रुईकर आले, लांबूनच बघितलं आणि बब्रुवानला म्हणाले, “इथं खाली ओल करू नका, पाहुण्यांचा रस्ता आहे.” मग म्हणाले, “जीप काढ, पण हार काढून घे तिचा.”

एक वाजता मोठे साहेब आले. चौरंगाला नमस्कार करून गेले. बॅटरीच्या खोलीला कुलूप होतं.

दसऱ्याला सकाळी नऊ वाजता रुईकरांनी मला बोलावलं. लातूरच्या दवाखान्यातून निरोप आला होता, अप्पांचा उजवा डोळा वाचला नव्हता. साहेबांनी आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं. “सोनं घ्या,” म्हणाले. मग टेबलावरचा कागद उचलून सही केली आणि पानाच्या वर ठेवला.

“वाईट झालं अप्पांचं,” ते म्हणाले. “इतका जुना माणूस. घाई केली.”

मी कागदाची घडी घातली.

“उद्या अकराला चौकशीचे अधिकारी येतायत. उत्तरपूजा मी केलीय. आता ती हत्यारं धुऊन जागच्या जागी लाव. खुंटीवरचं खुंटीवर. स्वच्छ धू, काय?”

“हो,” मी म्हणाले.

मी चष्मा हौदाशी नेला. त्याच हौदाशी. कुंकू वाळून काचांना धरलं होतं. सोड्याच्या पाण्यात जुना ब्रश बुडवून मी घासलं. गुलाबी पाणी फरशीवरून वाहत गेलं. काचा उजेडात धरून पाहिल्या, पुन्हा घासल्या. मोजे पुसले. पाना पुसला. तिन्ही खुंट्यांवर तिन्ही वस्तू लावल्या आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

चौकशीचे अधिकारी सभ्य होते. चहा घेतला नाही. दारामागं बघून त्यांनी टिपून घेतलं. मला विचारलं, “चष्मा, मोजे आणि रबरी पाना हे साहित्य खोलीत होतं?”

“खुंटीवर असतं,” मी म्हणाले.

त्यांनी ‘असतं’च्या जागी ‘होतं’ लिहिलं. मी खाली सही केली. फोटोबद्दल त्यांनी विचारलं नाही. ग्रुपवरून तो आदल्या दिवशीच काढला गेला होता, आणि हात जोडलेल्या अकरांपैकी एकालाही तो आठवला नाही. अहवाल चार पानांचा झाला. ‘संरक्षक साहित्य उपलब्ध असूनही कर्मचाऱ्याने त्याचा वापर टाळला व विनारबरी पाना वापरला.’ अप्पांना सक्तीची निवृत्ती मिळाली. दवाखान्यात जाऊन त्यांचाही जबाब घेतला होता. त्यात एकच ओळ आहे, ‘पाना मीच घेतला.’

मी त्यांना भेटायला गेले नाही. आज जाते, उद्या जाते, करत राहिले.

ते पौषात आले, आपलं सामान न्यायला. चहाचा पेला, घोंगडी, जुना रेडिओ. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी. मी तेव्हा कायम होते आणि खोलीची किल्ली माझ्याकडं होती.

“कशी हायस?”

“बरी हाय, अप्पा.”

“आई?”

“बरी. आता इथंच क्वार्टर मिळालंय.”

“चांगलं झालं.”

त्यांनी चोवीस बॅटऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. पहिली नवी होती. सगळी झाकणं लावलेली होती. कड्या मी त्याच शनिवारी घासलेल्या होत्या. त्यांनी मान हलवली. मग दारामागं गेले आणि पहिल्या खुंटीवरचा चष्मा काढला.

“अप्पा, त्या दिवशी पाना मी...”

“हातात पडला तवाच कळलं होतं मला,” ते म्हणाले. “लोखंड थंड लागतंय.”

ते चष्मा घेऊन खिडकीशी गेले. उरलेल्या डोळ्याजवळ नेऊन, तो डोळा बारीक करून, त्यांनी काचा उजेडात फिरवल्या. मग काच जिथं रबरात बसते त्या खाचेतून अंगठ्याचं नख सावकाश ओढलं. नखाच्या टोकावर लाल ओळ आली. त्यांनी ती बघितली. मला दाखवली.

“कडेचं राहिलंय, वैजे,” ते म्हणाले, आणि चष्मा परत खुंटीला लावला.